गिलगामेश : मित्राचा मृत्यू, राजाची कीर्ती आणि हातून निसटलेले अमरत्व

शिंदखेडा : वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे उर्वरित महाराष्ट्राची अक्षय तृतीया आणि खानदेशची आखाजी. या दिवशी तापीकाठच्या गावांत घरोघरी मातीची नवी घागर पाण्याने भरतात. तिच्यावर खरबूज, सोबत सांजोरी आणि आमरसाचा नैवेद्य असतो. माहेरी आलेल्या लेकी अंगणात झोके घेत असतात आणि त्याच वेळी घरातील कर्ता पुरुष देवघरापाशी बसून गेलेल्या वाडवडिलांना नाव घेऊन पाणी देत असतो. ऐन उन्हाळ्यात आपले पितर तहानलेले राहू नयेत, ही त्यामागची भावना. ज्याच्यामागे पाणी द्यायला कोणी उरले नाही त्याचे काय, हा प्रश्न मात्र त्या दिवशी कोणी मोठ्याने विचारत नाही.

हाच प्रश्न सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, एका राजाने विचारला होता. निदान काव्यात तरी तसे आहे. पाताळातून वर आलेल्या आपल्या मित्राच्या छायेला तो एकामागून एक प्रश्न विचारतो. एक मुलगा असलेल्या माणसाची तिथे काय अवस्था आहे? दोन असलेल्याची? सात असलेल्याची? आणि ज्याला कोणी अन्नपाणी देत नाही त्याची? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे की, तो भांड्याची खरवड आणि रस्त्यावर टाकलेले तुकडे खातो. बाबिलोनी घरांतही मृतांना अन्न आणि पाणी देण्याचा विधी होता. त्याला ते ‘किस्पू’ म्हणत आणि वारसाला ‘पाणी ओतणारा’ अशी संज्ञा होती. आखाजीची घागर आणि किस्पू यांचा परस्परांशी काही ऐतिहासिक संबंध आहे, असे म्हणण्यास आधार नाही. मात्र ही घागर भरलेल्या वाचकाला गिलगामेशच्या महाकाव्याची ओळख करून घ्यायला फारसे सायास पडू नयेत.

राजा आणि त्याचे काव्य

गिलगामेश हा उरुक या नगराचा राजा. आजच्या दक्षिण इराकमध्ये वर्का या नावाने ओळखले जाणारे अवशेष म्हणजेच ते उरुक. सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या तटाने वेढलेले हे नगर जगातील पहिल्या मोठ्या नगरांपैकी एक होते. दक्षिण इराकमधील इतर स्थळांसह त्याचा 2016 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सुमेरी राजांच्या यादीत गिलगामेशच्या नावापुढे 126 वर्षांची कारकीर्द लिहिलेली आहे. तो खरोखर होऊन गेला असेल तर त्याचा काळ इ.स.पू. 2800 ते 2600 च्या दरम्यान धरला जातो. त्याच्या स्वतःच्या हयातीतील एकही लेख आजवर हाती आलेला नाही.

त्याच्यावरील जुन्यातील जुनी काव्ये सुमेरी भाषेत आहेत. अशी पाच काव्ये ज्ञात असून ती इ.स.पू. 2100 च्या सुमारास रचली गेली असावीत. इ.स.पू. अठराव्या शतकाच्या आसपास कुणा कवीने अक्कादी भाषेत त्यांतून एक सलग कथा उभी केली. पुढे इ.स.पू. 1200 ते 1100 च्या सुमारास सिन-लेकी-उन्निनी नावाच्या विद्वानाने तिला जे रूप दिले, तेच आज प्रमाण मानले जाते. ही आवृत्ती अकरा मृत्तिकापटांची, म्हणजे मातीच्या लेखपाट्यांची, असून बारावा पट परिशिष्टासारखा जोडलेला आहे. पितरांच्या तहानेची वर सांगितलेली प्रश्नोत्तरे याच बाराव्या पटात येतात. सुमारे तीन हजार ओळींच्या या काव्याचा अंदाजे दोन तृतीयांश भाग आज वाचता येतो. उरलेला भाग तुटलेल्या पाट्यांच्या कडांवर संपतो.

या काळी आपल्याकडे काय होते, अशी जिज्ञासा साहजिक आहे. तापीच्या खोऱ्यात तेव्हा शेती करणाऱ्यांची खेडी वसलेली होती. तापीकाठच्या सावळदा या गावावरून नाव पडलेली ताम्रपाषाणयुगीन संस्कृती साधारण याच शतकांतील आहे. साक्री तालुक्यातील कावठे येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केलेल्या उत्खननात तिच्या वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. त्या लोकांना लिपी नव्हती. मित्र गमावल्यावर ते काय बोलले, हे म्हणूनच आपल्याला कधीच कळणार नाही.

नोकराचा मित्र झाला

काव्याच्या आरंभीचा गिलगामेश आदर्श राजा नाही. दोन तृतीयांश देव आणि एक तृतीयांश माणूस असलेला हा तरुण आपल्या बळाने प्रजेला जेरीस आणतो. तो मुलग्यांना बापाजवळ राहू देत नाही आणि नववधूंवर पहिला हक्क सांगतो. प्रजेचे गाऱ्हाणे देवांच्या कानी जाते. त्यावर देवांनी काढलेला उपाय लक्षात घेण्याजोगा आहे. ते राजाला शासन करत नाहीत, तर त्याच्या तोडीचा एक माणूस घडवतात. अरुरू देवता मातीचा गोळा रानात टाकते आणि त्यातून एन्कीदू जन्म घेतो. अंगभर केस असलेला, हरिणांबरोबर गवत खाणारा आणि पारध्यांचे फास उपटून टाकणारा हा रानमाणूस असतो.

त्याला माणसांत आणण्यासाठी शमहत नावाची गणिका रानात पाठवली जाते. तिच्या सहवासात काही दिवस गेल्यावर हरिणे त्याला पाहून पळू लागतात. ती त्याला भाकरी खायला आणि मद्य प्यायला शिकवते. इथे आपल्याकडील वाचकाला ऋष्यशृंगाची आठवण होईल. रानात वाढलेल्या, स्त्री कधीही न पाहिलेल्या त्या मुनिपुत्रालाही गणिकाच अंगदेशाच्या राजाकडे घेऊन येतात. दोन कथांतील हे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही.

एका लग्नघराच्या दाराशी एन्कीदू राजाची वाट अडवतो. दोघांची झुंज जुंपते. भिंती हादरतात, चौकट खिळखिळी होते. मग राग ओसरतो, दोघे एकमेकांचे चुंबन घेतात आणि मित्र होतात. एवढ्या मोठ्या मैत्रीचा आरंभ काव्याने काही ओळींतच उरकला आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. जुन्या सुमेरी काव्यांत एन्कीदू बहुतेक ठिकाणी गिलगामेशचा सेवक आहे. धनी सांगेल ते तो करतो, क्वचित सल्लाही देतो. अक्कादी कवीने त्याला बरोबरीचा मित्र केले आणि साऱ्या कथेचा तोल बदलला. सेवक मेला तर राजा दुःख करील, दुसऱ्या दिवशी दुसरा सेवक ठेवील. बरोबरीचा मित्र मेला तर आपणही मरणार, हे राजाला पहिल्यांदा कळते. आमच्या मते या काव्याचे थोरपण युद्धांत किंवा राक्षसांत नसून या एका बदलात आहे.

नाव कोरण्याची हाव

मैत्री झाल्यावर गिलगामेशला कीर्ती हवी होते. माणसाचे दिवस मोजके आहेत, त्याने काहीही केले तरी तो वाराच आहे, तेव्हा पडलो तरी नाव मागे ठेवून पडू, असा त्याचा युक्तिवाद जुन्या बाबिलोनी आवृत्तीत येतो. देवदारांच्या अरण्याचा रक्षक हुंबाबा याला मारायचे, हे त्यासाठी ठरते. एन्कीदू ते अरण्य ओळखून असल्याने विरोध करतो. उरुकचे वृद्धही समजावतात. तरुण राजा ऐकत नाही.

हुंबाबा हरतो, जीवदान मागतो. गिलगामेश क्षणभर कचरतो, पण एन्कीदूच त्याला घाई करतो. एन्लिल देवाला कळण्याआधी मारून टाक, म्हणतो. मग दोघे देवदार तोडू लागतात. हा प्रसंग वर्षानुवर्षे निव्वळ पराक्रम म्हणून वाचला जात होता. मात्र इराकी कुर्दिस्तानातील सुलेमानिया संग्रहालयाने 2011 मध्ये विकत घेतलेल्या एका पटाने चित्र पालटले. फारूक अल-रावी आणि अँड्र्यू जॉर्ज यांनी तो 2014 मध्ये प्रसिद्ध केला. पाचव्या सर्गातील पूर्वी अज्ञात असलेल्या ओळी त्यात आहेत. त्यांत अरण्य पक्ष्यांच्या, रातकिड्यांच्या आणि माकडांच्या आवाजांनी भरलेले आहे. हे संगीत ऐकत बसलेला हुंबाबा राक्षसापेक्षा एखाद्या परक्या राजासारखा दिसतो. आणि वृक्षतोड झाल्यावर एन्कीदूच मित्राला म्हणतो की, आपण या अरण्याचे ओसाड रान केले, आता एन्लिलला काय उत्तर द्यायचे? सातपुड्याचे उघडे पडत गेलेले डोंगर तापीच्या या तीरावरून पाहणाऱ्याला त्या ओळींसाठी टीपेची गरज लागणार नाही.

पुढे इश्तार देवी गिलगामेशला लग्नाची मागणी घालते. तो तिच्या पूर्वीच्या प्रियकरांची गत एकेक करून ऐकवतो आणि तिला धुडकावतो. चिडलेली देवी स्वर्गातील बैल उरुकवर सोडते. दोघे मित्र त्याला ठार करतात. नगरात त्यांचा जयजयकार होतो. कीर्तीचा हा कळस आणि त्याच रात्री एन्कीदूला स्वप्न पडते : देवांची सभा भरली असून दोघांपैकी एकाने मरायचे, असा निर्णय झाला आहे. तो एक म्हणजे एन्कीदू.

एन्कीदूचे मरण हा या काव्यातील सर्वांत दीर्घ रेंगाळणारा भाग. देवदाराचा जो भव्य दरवाजा त्याने निप्पूरच्या देवळासाठी मोठ्या हौसेने घडवला होता, त्यालाच तो शिव्याशाप देतो. ज्या शमहतने त्याला माणसांत आणले तिलाही शाप देतो. मग सूर्यदेव शमाश त्याला आठवण करून देतो की, तिच्यामुळेच तुला भाकरी मिळाली, तिच्यामुळेच हा मित्र मिळाला. एन्कीदू शाप मागे घेऊन तिला आशीर्वाद देतो. बारा दिवस तो अंथरुणाला खिळून असतो. त्याची खंत अशी की, रणात पडलेला नाव कमावतो आणि मी मात्र अंथरुणात मरतो आहे. ज्या कीर्तीसाठी सारी धडपड केली, ती या मरणाने त्याच्या वाट्याला येणार नव्हती.

गिलगामेश मित्राच्या छातीला हात लावतो. ती धडधडत नाही. नववधूवर पांघरतात तसे वस्त्र तो त्याच्या चेहऱ्यावर पांघरतो आणि बछडे गमावलेल्या सिंहिणीसारखा येरझारा घालतो. सहा दिवस आणि सात रात्री तो प्रेत पुरू देत नाही. आपल्या रडण्याने मित्र उठेल, असे त्याला वाटत असते. अखेर प्रेताच्या नाकातून अळी बाहेर पडते, तेव्हा तो हात सोडतो.

तालुक्याच्या ठिकाणी वार्ताहर म्हणून काम करणाऱ्याला निधनवार्ता लिहिण्याचा सराव होतो. नाव, वय, पश्चात कोण, अंत्ययात्रा किती वाजता. याच साच्यात काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाला शाळेपासूनच्या एका मित्राची चार ओळींची बातमी लिहावी लागली. ‘पश्चात’ या शब्दापुढे आई, पत्नी आणि एक मुलगी आली. मित्र येत नाहीत, तशी पद्धत नाही. त्या काळात हा सातवा-आठवा सर्ग हाती आला. अळीचा उल्लेख किळसवाणा वाटेल म्हणून काही संक्षिप्त आवृत्त्यांत तो गाळतात. तो गाळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

समुद्रापलीकडचा म्हातारा

सिंहाचे कातडे पांघरून राजा रानोमाळ भटकतो. आता त्याला कीर्ती नको, अमरत्व हवे आहे. जलप्रलयातून वाचलेला आणि देवांनी अमर केलेला उत्नपिष्टिम हा एकमेव माणूस त्याला शोधायचा आहे. विंचूमानवांनी राखलेला पर्वत, त्याखालचा काळाकुट्ट बोगदा, रत्नांची फळे लागलेली बाग असे टप्पे ओलांडत तो समुद्रकाठच्या सिदुरी नावाच्या मद्यविक्रेतीपाशी पोहोचतो. जुन्या आवृत्तीत सिदुरी त्याला सांगते की, जे शोधतोस ते सापडणार नाही. पोटभर जेव, स्वच्छ कपडे घाल, हात धरणाऱ्या लेकराकडे पाहा, पत्नीला सुख दे. हा या काव्यातील बहुधा सर्वांत लोकप्रिय उपदेश. गंमत अशी की, सिन-लेकी-उन्निनीच्या प्रमाण आवृत्तीत तो नाहीच. या विद्वानाला तो फार सोपा वाटला असावा, असा आमचा तर्क.

नावाडी उर्शनाबी त्याला मृत्यूच्या पाण्यापलीकडे नेतो. समोर जो अमर पुरुष येतो तो अगदी सामान्य दिसतो. गिलगामेश त्याला बोलूनही दाखवतो की, तुझ्याशी लढायचे ठरवून आलो होतो, पण तू तर माझ्यासारखाच, नुसता पाठ टेकून पडलेला. उत्नपिष्टिम त्याला प्रलयाची कथा सांगतो : एआ देवाने दिलेली सूचना, नाव, तिच्यात भरलेले प्राणी, पर्वतावर टेकणे, बाहेर सोडलेले पारवा, पाकोळी आणि कावळा. बायबलमधील नोहाची आणि शतपथ ब्राह्मणातील मनू व माशाची कथा वाचलेल्यांना यात ओळखीच्या खुणा पटतील.

मग तो एक अट घालतो. मरण जिंकायचे आहे ना, तर आधी झोप जिंक, सहा दिवस सात रात्री जागून दाखव. गिलगामेश बसल्या बसल्या झोपी जातो. जागा झाल्यावर तो नाकबूल करणार, हे ओळखून उत्नपिष्टिमची पत्नी रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवते. तो डोळे उघडतो तेव्हा पहिली भाकरी वाळून कडक झालेली, मधल्यांवर बुरशी, सातवी अजून निखाऱ्यांवर. मानवी मर्यादेचा इतका घरगुती पुरावा दुसऱ्या कुठल्या महाकाव्यात क्वचितच सापडेल.

निघताना त्याला एक भेट मिळते. समुद्रतळाशी एक काटेरी वनस्पती आहे आणि ती खाल्ल्यास तारुण्य परत येते. पायांना दगड बांधून तो ती मिळवतो, पण लगेच खात नाही. उरुकला नेऊन आधी एखाद्या म्हाताऱ्याला देऊ, असे ठरवतो. वाटेत तो तळ्यावर आंघोळीला उतरतो, साप येतो, वनस्पती पळवतो आणि जाताना कात टाकतो. राजा बसून रडतो. मग नावाड्याला घेऊन उरुकला परततो आणि त्याला म्हणतो की, तटावर चढ, विटा पाहा, पाया तपास. काव्याच्या प्रारंभी कवीने वाचकाला सांगितलेलेच हे शब्द आहेत. अकरावा पट इथे संपतो.

अस्तंबाचा अमर

अमरत्व मिळाले असते तर काय झाले असते? याचे एक उत्तर खानदेशातच आहे. शिंदखेडा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून तापी वाहते. तिच्या पलीकडे सातपुडा आणि त्यात नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यात अस्तंबा हे सव्वातेराशे मीटर उंचीचे शिखर. अश्वत्थाम्याचे ते स्थान, अशी श्रद्धा आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीपासून, आदिवासी तरुणांचे जथे अवघड चढण चढून तेथे दर्शनाला जातात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा या डोंगरांत फिरतो, ही आख्यायिका या भागात सर्वश्रुत आहे. पूर्वेला बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाविषयीही तशीच कथा सांगतात.

महाभारताच्या सौप्तिक पर्वातील मूळ प्रसंग इथे आठवावा. मांडी फोडून पडलेल्या दुर्योधनाच्या समाधानासाठी अश्वत्थामा रात्री झोपलेल्या सैन्याची कत्तल करतो. द्रौपदीचे पाच पुत्रही त्यात मरतात. मित्रनिष्ठेनेच त्याला तिथवर नेले होते. त्यावर कृष्णाचा शाप असा की, तीन हजार वर्षे तू रक्त आणि पुवाचा दर्प घेऊन निर्जन जागी भटकशील, तुला सोबती नसेल आणि कोणाशी बोलताही येणार नाही. गिलगामेश मित्र गेला म्हणून अमरत्व शोधायला निघतो, तर अश्वत्थाम्याला अमरत्व मिळते आणि त्यातून मित्र वगळलेला असतो. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्यास पाठ टेकून पडलेला उत्नपिष्टिम अधिक नीट समजतो, असा आमचा अनुभव आहे.

नाव हरवले, नाव सापडले

नाव मागे राहावे, ही राजाची इच्छा पुरी झाली का? इ.स.पू. 612 मध्ये निनेवे नगर पडले, तेव्हा असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातील हजारो मृत्तिकापट ढिगाऱ्याखाली गाडले गेले. आगीने काही पट भाजून टणक झाले, म्हणून टिकले. बाबिलोनियात नकला होत राहिल्या, पण इसवी सनाच्या आगेमागे कीलाकार लिपी वाचणारेच उरले नाहीत. मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांत आणि इ.स. 200 च्या सुमाराच्या एलियन या लेखकाच्या ग्रंथात बदललेल्या रूपात हे नाव पुसट ऐकू येते. बाकी सर्वत्र शांतता होती.

त्या शांततेचा भंग होण्याच्या इतिहासात महाराष्ट्राचाही थोडा भाग आहे. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या शेवटी, जून 1818 मध्ये, असीरगडच्या परिसरात दुसरा बाजीराव पेशवा ज्याच्या स्वाधीन झाला, तो सर जॉन माल्कम 1827 मध्ये मुंबईचा गव्हर्नर म्हणून जहाजाने येत होता. त्याच जहाजावर हेन्री रॉलिन्सन हा 17 वर्षांचा लष्करी उमेदवार होता. माल्कमच्या सहवासात त्याला फारसीची गोडी लागली. मुंबई इलाख्यात काही वर्षे नोकरी करताना त्याने पुण्याहून पनवेलपर्यंतच्या घोडदौडीची पैजही जिंकली. पुढे इराणमध्ये पाठवला गेल्यावर बेहिस्तुनच्या कड्यावरील त्रैभाषिक लेखाची नक्कल त्याने केली आणि कीलाकार लिपीच्या वाचनाला तिची मोलाची मदत झाली.

निनेवेतील असुरबनिपालाचा संग्रह 1853 मध्ये खोदून काढणारा होर्मुझ्द रस्सम हा मोसुलचाच. पुढे तो तेव्हा मुंबई सरकारच्या अखत्यारीत असलेल्या एडनमध्ये नोकरीस होता. अबिसिनियाच्या राजाने त्याला कैदेत टाकले, तेव्हा त्याच्यासह इतर बंदिवानांच्या सुटकेसाठी निघालेली नेपियरची फौज मुंबईहूनच रवाना झाली होती. या माणसाला शोधाचे श्रेय मात्र हयातीत पुरेसे मिळाले नाही.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हे तुकडे जुळवत बसलेला जॉर्ज स्मिथ हा नोटांचे ठसे कोरण्याचे काम शिकलेला कारागीर. जेवणाच्या सुट्टीत संग्रहालयात जाऊन तो ही लिपी शिकला आणि रॉलिन्सनच्या नजरेत भरून नोकरीला लागला. दिनांक 3 डिसेंबर 1872 रोजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या उपस्थितीत त्याने प्रलयकथेचे वाचन केले आणि युरोपात खळबळ उडाली. हरवलेला भाग शोधण्यासाठी ‘डेली टेलिग्राफ’ या दैनिकाने एक हजार गिनी देऊ केल्या. एका दैनिकाने चार हजार वर्षांपूर्वीच्या बातमीच्या पाठपुराव्याला पैसे द्यावेत, याचा आमच्या व्यवसायाला हेवा वाटायला हरकत नाही. स्मिथ निनेवेला गेला आणि काही दिवसांतच प्रलयकथेचा आणखी एक तुकडा त्याला मिळाला. मात्र 1876 मध्ये परतीच्या वाटेवर, अलेप्पोच्या परिसरात, आमांशाने त्याचे निधन झाले. वय अवघे 36.

ज्याला जगासमोर आणण्यात त्याने आयुष्य घातले, त्या राजाचे नाव स्मिथला ठाऊकच नव्हते. ती चिन्हे तो ‘इझदुबार’ अशी वाचत असे. ‘गिलगामेश’ हे बरोबर वाचन थिओफिलस पिंचेस याने 1890 मध्ये सिद्ध केले. नावासाठी देवदारांचे अरण्य तोडणारा राजा परत आला आणि त्यानंतर 18 वर्षे जग त्याला चुकीच्या नावाने हाक मारत होते.

कागदपत्रांचे असे जतन धुळ्याला परके नाही. मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करण्यासाठी गावोगाव दप्तरे धुंडाळणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच निधन झाले आणि त्यानंतर लगेच, जानेवारी 1927 मध्ये, तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. दप्तर जळाले वा वाळवीने खाल्ले की त्यातील माणसे दुसऱ्यांदा मरतात, हे त्या मंडळाच्या कपाटांसमोर उभे राहिल्यावर पटते.

गिलगामेशच्या पटांवरील संकटेही सरलेली नाहीत. एप्रिल 2003 मध्ये बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. इराकमधून बेकायदा बाहेर गेलेला ‘स्वप्नपट’ 2014 मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी कंपनीला सुमारे 16 लाख 74 हजार डॉलरला विकला गेला. अमेरिकी अधिकाऱ्यांनी 2019 मध्ये तो जप्त केला आणि 2021 मध्ये इराकला परत दिला. गिलगामेश आपले स्वप्न आईला सांगतो, तो भाग या पटावर आहे. ती आई, निनसुन, त्याचा अर्थ असा लावते की, तुला एक मित्र मिळणार आहे. दुसरीकडे म्युनिकमधील अभ्यासक संगणकाच्या साह्याने जगभरच्या संग्रहालयांतील तुकडे जुळवत आहेत आणि अधूनमधून एखादी नवी ओळ काव्यात भर घालते.

बाराव्या पटाच्या सुमेरी मूळ काव्यात गिलगामेशचा एक प्रश्न असा आहे की, जी बाळे जन्मतःच गेली, ज्यांना स्वतःचे नावही कळले नाही, त्यांचे तिथे कसे चालले आहे? एन्कीदूची छाया सांगते की, ती सोन्यारुप्याच्या चौरंगाशी खेळत असतात आणि त्यावर मध व तूप ठेवलेले असते.